सांडव्यावरची भिंत

बोरडोहच्या तळ्याला सरकारी कागदात धरण म्हणत. मौद्याच्या रस्त्यावर बसमधून उतरून दीड कोस आत चाललं की समोर मातीची पाळ आडवी यायची. चारशे पावलं लांब, तीन पुरुष उंच, पाण्याकडच्या अंगाला दगड बसवलेले आणि गावाकडच्या उतारावर गवत. पाळीच्या पायथ्याशी बौद्धांची चाळीस घरांची वस्ती होती. बाकी गाव वर, टेकाडावर. चौसष्ट साली पाळ बांधली तेव्हा वस्तीतल्याच बायामाणसांनी माती वाहिली होती. आपण डोक्यावरून नेलेल्या मातीखाली राहण्यात काही धोका असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी दुसरीकडे जागा कोण देणार होतं?

कौसल्याही त्या मातीवर राबली होती. तिचा नवरा बाबाराव चौथीपर्यंत शिकलेला, म्हणून काम संपल्यावर खात्यानं त्यालाच तिथला चौकीदार नेमलं. काम साधं होतं, पण रोजचं. पाळीवर बाभळीचं रोप उगवलं की उपटायचं. घुशीनं भोक पाडलं की मुरूम ठासून बुजवायचं. गेटच्या स्क्रूला ग्रीस लावायचं. आणि पाळीच्या पायथ्याच्या नालीत जे पाणी झिरपून यायचं, ते किती येतं आणि कसं येतं, ते वहीत लिहायचं. बांधकामावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बाबारावाला समजावलं होतं, मातीची पाळ थोडी झिरपणारच, तिला घाबरू नको. पाणी नितळ येतं तोवर पाळ धड आहे. ज्या दिवशी पाणी गढूळ यायला लागेल, त्या दिवशी समज की ते आतली माती घेऊन बाहेर निघालंय.

एकोणसत्तर साली दगड बसवताना एक धोंडा घरंगळून बाबारावाच्या गुडघ्यावर आला. तेव्हापासून त्याला चढण-उतरण जमेना. हे खात्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून कौसल्या रोज सकाळी पाळीवरून फिरायची, पाहिलेलं घरी येऊन सांगायची, आणि बाबाराव वहीत लिहून सही करायचा. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. नऊ वर्षं अनवाणी फिरून तिच्या तळव्यांना ती पाळ पाठ झाली होती. कुठं माती बसलीय, कुठं ओल वर आलीय, ते तिला पायांनाच कळायचं.

पाळीच्या उत्तर टोकाला खडकात सांडवा होता. तळं भरलं की जादा पाणी त्या वाटेनं आपोआप निघून जायचं, नाल्यात उतरायचं आणि वस्तीला वळसा घालून नदीला मिळायचं. चौऱ्याहत्तर साली मारोतराव पाटलानं त्या सांडव्यावर भिंत घातली. मारोतराव गावचा सरपंच. तळ्यात दीड हात जास्त पाणी साठलं तर त्याचा उन्हाळी गहू आणि मिरची तरून जाणार होती. चार दिवसांत दगड-सिमेंटची भिंत उभी राहिली. ओव्हरसियर मधुसूदन घाटे नागपूरहून आला, भिंत पाहिली, पाटलाकडे जेवला आणि गेला.

पुढं तीन वर्षं पाऊस बेताचा झाला. पाणी भिंतीवरून गेलंच नाही. खालचा नाला कोरडा पडला, तसा मारोतरावानं तो सपाट करून त्यात धान लावलं. तिथं डिझेलचं इंजन बसवलं, राहायला गवताची एक खोपडी बांधली आणि राखणीला आपला सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवला. सालदार म्हणजे दादाजी. कौसल्याचा धाकटा भाऊ. बायको शामला आणि दोन लेकरं घेऊन तो त्या खोपडीत राहायला गेला.

भिंत झाल्याच्या पुढच्या सालीच बाबारावानं तिच्याबद्दल खात्याला अर्ज लिहिला होता. खूप विचार करून, चांगल्या अक्षरात. सांडवा अडवला तर मोठ्या पावसात पाणी पाळीवरून जाईल, मातीच्या पाळीवरून पाणी गेलं तर ती राहणार नाही, खाली वस्ती आहे, असं त्यात होतं. अर्ज नागपूरला गेला. तीन आठवड्यांनी तो मारोतरावाच्या हातात होता.

पाटलानं बाबारावाला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बोलावलं. पंचवीस-तीस माणसं जमली होती. कौसल्या बायांमध्ये मागं उभी होती.

"वाच," मारोतराव म्हणाला.

"पाटील, ते..."

"तूच लिहिलं ना गा? मंग वाच. जोरानं वाच, मांगच्याले ऐकू गेलं पाहिजे."

बाबाराव वाचू लागला. प्रत्येक वाक्यापाशी मारोतराव हात वर करून त्याला थांबवायचा आणि लोकांना विचारायचा, "समजलं का?" लोक हसायचे. 'सदर भिंत धोकादायक आहे' या वाक्याला सगळ्यांत जास्त हसले.

"पाळीवर कोण फिरते?" मारोतरावानं विचारलं. "तू फिरतं?"

बाबारावानं कागदाची घडी घातली.

"बायको फिरते. मंग ह्या कागदावर तुही सही कशी? हे मी साहेबाले सांगू का? सांगतो, का नको सांगू, तूच बोल."

"नका सांगू," बाबाराव म्हणाला.

"मंग म्हण, माही चूक झाली."

"माही चूक झाली."

"भिंत चांगली हाय."

"भिंत चांगली हाय."

मारोतरावानं अर्ज त्याच्या हातातून घेतला नाही. तो त्याला फाडायला लावला, तुकडे वेचायला लावले आणि घरी न्यायला लावले. घरी आल्यावर बाबारावानं ते चुलीत टाकले. कौसल्यानं त्याला जेवायला वाढलं. त्यानं हात लावला नाही. त्या दिवसापासून वहीत तो रोज एकच ओळ लिहायचा. 'पाणी नितळ, पाळ ठीक.'

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तळं पूर्वी कधी नव्हतं एवढं भरलं. त्याच सुमाराला कौसल्याच्या लक्षात आलं की नालीतलं पाणी वाढलंय. तिनं ओंजळीत घेतलं. ओंजळीच्या तळाशी पिवळसर साय बसली. मग आठ दिवस कडक ऊन पडलं, सगळे नाले नितळले, पण पाळीच्या पायथ्याचं पाणी गढूळच येत राहिलं. पायथ्याशी एके ठिकाणी जमीन पायाखाली लिबलिबत होती आणि वाळूचा एक छोटा ढीग झाला होता. त्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखं हलत होतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी आता काही लिहीत नाही."

"मंग मी जाते."

"जाय."

ती एकटीच बसनं नागपूरला गेली. विचारत विचारत धरमपेठेत मधुसूदन घाट्यांचं घर शोधलं. दार त्यांच्या बायकोनं, चारुशीलाबाईंनी उघडलं. कौसल्याला त्यांनी अंगणातल्या पायरीवर बसवलं आणि वरून पाणी ओतलं, ते ती ओंजळीनं प्यायली. साहेब जेवण आटपून पाऊण तासानं बाहेर आले. वागायला चांगले होते. त्यांनी तिला नावानं हाक मारली.

"कौसल्याबाई, पावसाळ्यात पाणी गढूळच असतं."

"आठ दिवस पाऊस नाही साहेब. तरी गढूळच येऊन राहिलं. अन् वाळू येऊन राहिली संगं."

त्याला सगळं समजलं होतं, हे तिनं त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. वाळूचं नाव काढल्याबरोबर त्याचा हात खिशाकडं गेला, रुमाल काढून त्यानं मान पुसली.

"बाबारावाला लेखी अर्ज करायला सांगा," तो म्हणाला.

"मांगचा अर्ज पाटलापाशी गेला होता साहेब."

"ते मला माहीत नाही. तोंडी सांगण्यावर खातं चालत नाही. आणि वहीत तर रोज पाणी नितळ लिहिलंय. सही त्याचीच आहे ना?"

"सांडव्यावरची भिंत तरी काढाले सांगा."

"सोमवारी येतो मी," मधुसूदन म्हणाला आणि आत गेला.

सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. दोन दिवस, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या पाळीवर गेली तेव्हा पाणी सांडव्यावरच्या भिंतीच्या माथ्याला टेकलं होतं, आणि पाळीचा माथा त्याच्यापासून दोन हात वर राहिला होता. ती पायथ्याशी उतरली. वाळूच्या ढिगाच्या जागी आता मनगटाएवढी धार होती, चहासारखी लाल. नालीत काल नव्हता एवढा गाळ साचला होता. वर पाळीच्या उतारावर, बरोबर त्या धारेच्या रेषेत, गवत पावलाएवढं खाली दबलं होतं.

गेट उघडणं शक्य नव्हतं. त्याचं चाक या पावसाळ्यात गंजून घट्ट बसलं होतं. ग्रीस मागून मागून बाबाराव थकला होता. उरली होती फक्त भिंत. ती काढली तर तळं दीड हात उतरेल आणि पाळीवरचा दाब कमी होईल. पण ते सगळं पाणी नाल्यातून जाणार होतं. नाल्यात मारोतरावाचं धान होतं आणि दादाजीची खोपडी.

तिनं आधी घरी जाऊन बाबारावाला भिंत काढायचं सांगितलं, मग ती वस्तीत गेली. लोकांनी तिचं ऐकून घेतलं. काही बायांनी लेकरं काखेत घेतली, टेकाडावरच्या शाळेच्या ओसरीकडे निघाल्या. पुरुष म्हणाले, "तीन सालापासून हेच ऐकून राहिलो." यमुताई नावाची एक म्हातारी तर खाटेवरून उठलीच नाही. तिला उचलून न्यायला कोणी नव्हतं. तशी आणखी दहा-बारा घरं असतील.

मग ती भिजत खोपडीकडे गेली.

"दादाजी, निंग अथून. आम्ही भिंत काढून राहिलो."

दादाजीनं आकाशाकडे पाहिलं, मग इंजनाकडे. "मालक म्हणे इंजन सोडून जाजो नको."

"मालकाले पाण्यात यायचं नाही. तुले यायचं हाय."

"शामलाले अन् पोरायले पाठवतो ना, बाई. पण इंजन गेलं तर दहा साल मले सालदारकी करून फेडा लागन. चार बोल्ट हायेत. खोलतो, काठावर चढवतो अन् येतो."

"किती वेळ लागते?"

"घंटाभर. घंटाभर थांब तू. मी काठावर आलो का आवाज देतो."

शामला लेकरं घेऊन कौसल्याबरोबर निघाली. चढणीवर शामलाला शाळेच्या वाटेला लावून कौसल्या पाळीकडे वळली. एक घंटा. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. ती पायथ्याशी धारेसमोर उकिडवी बसली आणि पाहत राहिली. मनगटाएवढी धार पिंढरीएवढी झाली. तिच्यातून मुठीएवढं मातीचं ढेकूळ बाहेर पडलं आणि तिच्या पायाशी येऊन विरघळलं. त्याच्यामागून दुसरं. वर उतारावरचं गवत आणखी खाली गेलं. ती उठली. घंटा झाला नव्हता. अर्धाही झाला नसेल. दादाजीचा आवाज आला नव्हता, आणि ती जिथं बसली होती तिथून तो आला असता तर ऐकू आला असता.

सांडव्यावर बाबाराव सब्बल, लोखंडी पहार, घेऊन उभा होता. तो तिथवर कसा चढला कोण जाणे. गुडघ्याला त्यानं गमछा आवळून बांधला होता. पाऊस जरा ओसरला होता.

"काय म्हणते खाली?" त्यानं विचारलं.

"ढेकळं येऊन राहिली."

त्यानं सब्बल उचलली, पण मारली नाही.

"दादाजी निंगला का?"

कौसल्यानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात वस्तीतल्या त्या दहा-बारा घरांची नावं एकामागून एक आली. यमुताईची खाट आली. भाऊ मात्र आला नाही, त्याला तिनं येऊच दिलं नाही.

"निंगला," ती म्हणाली.

"बायकापोरं?"

"समदे निंगले."

बाबारावानं भिंतीच्या कडेला पहिला घाव घातला. त्याचा बेत एका टोकानं थोडी वाट करायचा, पाणी हळूहळू सोडायचा होता. कौसल्यानं दगड ओढून काढले. हातभर वाट झाली, पाणी त्यातून जोरानं निघालं. पण मारोतरावाच्या गवंड्यानं भिंतीला पाया घेतलाच नव्हता. खडकावर नुसता चुना-सिमेंट थापला होता. वाट झाली तसं पाणी भिंतीच्या बुडाशी शिरलं, आणि दोघं मागं सरतात न सरतात तोच सगळी भिंत एका तुकड्यात आडवी झाली. मग जे पाणी गेलं त्याला नाला पुरला नाही. कौसल्या खडकाला पाठ लावून बसली. तिनं त्या बाजूला पाहिलं नाही. आवाज मात्र तिला बंद करता आला नाही.

पाळ राहिली. दुपारपर्यंत तळं दीड हात उतरलं, पायथ्याची धार बारीक झाली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मनगटाएवढी, मग बोटाएवढी. शाळेच्या ओसरीवरून बाया लेकरं घेऊन परतल्या. चाळीसच्या चाळीस घरं जागच्या जागी होती. चुली तेवढ्या ओल्या झाल्या होत्या.

दादाजी दुसऱ्या दिवशी सापडला, नदीच्या तोंडाशी, बोरीच्या झुडपात. इंजन तीन शेतं पलीकडे सापडलं. मारोतरावानं ते गाळातून काढून मौद्याला दुरुस्तीला पाठवलं आणि दिवाळीत ते पुन्हा चालू झालं.

दादाजीच्या मातीच्या दिवशी मारोतराव स्वतः वस्तीत आला. चपला बाहेर काढून बसला. शामला लेकरांसह वस्तीत परतली होती, तिच्या घरी त्यानं दोन पोती तांदूळ पाठवले होते. "माहं त नुसतं धान गेलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "धान पुन्हा होते. पण तुमच्याच माणसानं तुमचा माणूस मारला. अन् काहून मारला? पाळ त हे पाहा, उभी हाय."

पाळ खरंच उभी होती. जी फुटली नाही ती फुटणार होती, हे कौसल्या कोणाला कसं दाखवणार? यमुताई आपल्या खाटेवर बसून म्हणाली, "आमाले काय झालं होतं? कायी झालं नव्हतं." जानेवारीतच कालव्याचं पाणी संपलं तेव्हा तर गावानं आणि वस्तीनं मिळून बाबारावाच्या नावानं बोटं मोडली.

मधुसूदन घाटे आता मात्र लगेच आला होता. त्यानं पंचनामा केला. त्याच्या अहवालात सांडव्यावरची भिंत खात्यानंच बांधलेली निघाली. चौकीदारानं सरकारी बांधकाम फोडलं आणि त्यात एकाचा जीव गेला, असं त्यानं लिहिलं. खाली वहीचा दाखला जोडला. रोजची ओळ, रोजची सही. पाणी नितळ, पाळ ठीक.

कोर्टात बाबारावाला विचारलं, "खाली माणूस आहे हे माहीत होतं?"

"निंगला असं समजलं होतं."

"कोणाकडून समजलं?"

कौसल्या मागच्या बाकावर बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

"असंच," बाबाराव म्हणाला. "कोणी तरी बोललं."

त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी आधीच गेली होती. कौसल्या महिन्यातून एकदा त्याला भेटायला जायची. जाळीपलीकडून तो तांदूळ किती उरले, घर गळतं का, एवढंच विचारायचा. त्यानं कोर्टात तिचं नाव घेतलं नाही, हा त्याचा उपकार मनाशी धरून तिनं ते दिवस काढले. वस्तीत तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. शामला समोरून आली तर वाट सोडून चालायची.

पुढच्या एप्रिलमध्ये तळं आटलं तेव्हा खात्यानं पाळीच्या डागडुजीचं काम काढलं. हजेरीवर बाया हव्या होत्या. कौसल्या गेली, कारण दुसरं काम तिला कोणी देत नव्हतं. शामलाही गेली, कारण पाटलाचा तांदूळ केव्हाच संपला होता. जिथं गवत दबलं होतं तिथं उकरायला सुरुवात झाली. कमरेइतकं खोल गेल्यावर एका बाईची कुदळ आत गेली ती हातातून सुटूनच गेली.

आत पोकळी होती. मोठं माणूस गुडघे मुडपून बसेल एवढी. तिच्यातून पाण्याकडच्या अंगाला मांडीएवढा बोगदा गेलेला दिसत होता. वर फक्त दोन हात मातीचं छप्पर उरलं होतं.

मधुसूदन खाली उतरला, वाकून पाहिलं. घामानं चष्मा धूसर झाला होता, तो त्यानं पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"भरून घ्या," तो मुकादमाला म्हणाला. "आजच."

"साहेब," कौसल्या म्हणाली, "हे लिहा."

"काय लिहू?"

"भोक होतं म्हणून. अजून एक दिवस भिंत राहिली असती त पाळ गेली असती, हे लिहा. ते तुरुंगात हायेत साहेब."

मधुसूदननं तिला बाजूला नेलं. आवाज खाली आणला. "हे लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, एवढं भोक एका दिवसात पडत नाही, मग चौकीदार वहीत काय लिहीत होता? पाळीवर तू फिरायचीस, सह्या त्याच्या. सरकारची फसवणूक होते ही. त्याची शिक्षा वाढेल, बाई. तुझ्या भल्याचं सांगतो."

तो गेला. बाया मुरूम आणि चिकणमाती आणून टाकू लागल्या. भोकाच्या तोंडाशी शामला उभी राहिली होती, टोपलं कमरेवर. तिनं आत पाहिलं, खाली वस्तीकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदा ती कौसल्याशी बोलली.

"एवढं होतं?"

"हाव."

"समदे गेले असते आपण. माहे पोरंही."

कौसल्यानं आपलं टोपलं भोकात रिकामं केलं.

"मी तुमाले लय वाईट बोलली, बाई," शामला म्हणाली. "इंजनाचा लोभ केला त्यानं. तुमी त सांगून गेल्या होत्या. तो काठावर आला नाही, त्याले तुमी काय करान? तुमाले का दिसत होतं तो कुठी हाय ते."

आता सांगायची वेळ होती. कौसल्याला ते कळत होतं. शामला तिच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्या नजरेत इतक्या महिन्यांनी ओळख होती. कौसल्यानं दुरमूस उचलला आणि माती ठोकू लागली. वीतभर थर, वर पाणी, मग ठोकणं, मग दुसरा थर. मुकादम म्हणाला एवढं कशाला, वरून टाका आणि दाबा. तिनं ऐकलं नाही. शामला तिच्यासमोर दुसरा दुरमूस घेऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून ते भोक भरलं. घरी जाताना शामलानं तिला आपल्याकडं जेवायला बोलावलं. कौसल्या गेली आणि जेवली.

बाबाराव त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सुटला. एका दुपारी पाय ओढत तो अंगणात आला, खाटेवर बसला, पाणी प्यायला. वस्तीत आता कोणी वाकडं बोलत नव्हतं. शामलानं भोकाची गोष्ट घरोघर सांगितली होती. दोन-चार जण भेटून गेले. मग घर रिकामं झालं. कौसल्यानं त्याला भात वाढला. तो जेवायला लागला तशी ती समोर बसली आणि पंधरा महिने पाठ केलेलं वाक्य बोलली.

"मी खोटं बोलली होती तुमच्यासंग."

"कशाचं?"

"दादाजी निंगला म्हणून. तो निंगला नव्हता. मले मालूम होतं."

बाबारावानं घास गिळला. भातावर वरण ओढून घेतलं.

"सांडव्यावरून ते शेत दिसते वं," तो म्हणाला.

कौसल्याला आधी कळलं नाही. मग तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"पाठमोरा होता तो," बाबाराव म्हणाला. "इंजनाले वाकून बोल्ट खोलून राहिला होता. अंगात लाल बनियन होती त्याच्या."

"तुमी पाहिलं?"

"घाव घालायच्या आंधी पाहिलं."

"मंग मले काहून विचारलं?"

बाबारावानं ताटाच्या कडेचा भात बोटानं गोळा केला.

"तू हाव म्हणशील म्हणून," तो म्हणाला, आणि पुढं जेवू लागला.

कौसल्या बसून राहिली. कोर्टात तो जो गप्प राहिला होता, त्याला ती इतके दिवस माया समजत होती. बाहेरून शामलाचा धाकटा तिला आत्या म्हणून हाक मारत होता. आईनं त्याला भाजी घेऊन पाठवलं होतं. दोन हाका झाल्या, तीन झाल्या. शेवटी बाबारावच म्हणाला, "जाय, घे त्याच्या हातातून," तेव्हा ती उठली.